वळणात पाय काढू नये

कीर्तन ऐकून घरी आलेला माणूस पहिल्यांदा दुसऱ्यालाच सुधारायला निघतो, ही आपल्या सगळ्यांची खोड. उचगावच्या सयाजीआबांचीही तीच. टाळकऱ्यांच्या मध्ये उभं राहून मृदंग वाजवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्या आठवड्यात बुवांनी मोहावर निरूपण केलं, आणि दृष्टान्त असा रंगला की आबांच्या डोळ्यांना धार लागली. बुवांच्या पाया पडून देवळाची पायरी उतरताना मोह म्हणून त्यांना काय आठवलं, तर पोराची लाल गाडी. स्वतःच्या कमरेची तंबाखूची चंची आठवली नाही.

गाडी अमरसिंहची. बुटकी, लांब नाकाची, दोनच माणसांची. कुणाच्या तरी गोठ्यात कोंबड्या बसायच्या तिच्यात. अमरनं ती ओढून आणली आणि लेथच्या कामातून सुटी मिळेल तेव्हा एकेक भाग खोलून, घासून, पुन्हा बसवून ती उभी केली. रेसच्या मैदानावर नेऊन तिला वळवायला शिकला.

"घरात मानसं पाच आन गाडीत जागा दोन," आबा म्हणायचे. "उरल्यालं काय मागनं पळनार हायत?"

अमर हसायचा. "आबा, एकदा बसा तरी." आबा कधी बसले नाहीत.

गडहिंग्लजचा मल्लेश गाडीच्या मागं लागला होता. अमर दर वेळी नाही म्हणायचा. मल्लेश चिकाटीचा. कीर्तनाच्या दुसऱ्याच दिवशी तो नारळ घेऊन दारात आला. अमर कामावर गेलेला. सौद्याचा नारळ हातात घेतला की सौदा पक्का, मग मागं फिरणं नाही. ते आबांना माहीत नव्हतं असं कसं म्हणावं? त्यांनी दोन्ही हातांनी नारळ घेतला, देवापुढं ठेवला, हळदकुंकू वाहिलं. पोराच्या मानेवरचं एक ओझं उतरवलं, असंच त्यांना वाटलं. संध्याकाळी नारळ फुटला आणि खोबरं वांग्याच्या वाटणात गेलं.

अमरनं जेवताना सगळं ऐकलं. हातातला घास तोंडात घातला, चावला. मग म्हणाला, "तुमी शबूद दिलासा न्हवं. मग झालं."

ह्यापेक्षा तो भांडला असता तर बरं झालं असतं, हे आबांना नंतर कळलं.

मल्लेशची एक अट होती. गाडी जोतिबाच्या डोंगरावर, देवाला दाखवून ताब्यात घेणार. शब्द आबांचा, तेव्हा किल्लीही आबांच्याच हातून. म्हणून बुधवारी सकाळी आबा पहिल्यांदा त्या गाडीत बसले. बसले कसले, उतरले.

"आरं, हे रस्त्यावर मांडी घालून बसल्यागत हाय की."

"व्हय. रस्ता कळाय पायजे बुडाला," अमर म्हणाला.

केर्लीचा फाटा मागं पडला आणि चढ लागला. रस्ता रिकामा होता. पहिलं वळण समोर दिसलं तसा अमरनं सरळ रस्त्यावरच ब्रेक दाबला. गाडीनं नमस्कार केल्यागत नाक खाली केलं. मग त्यानं स्टिअरिंग थोडंसं, अगदी भाकरी परतताना मनगट फिरतं तेवढं फिरवलं. आबा दार धरून बसले होते. साध्या गाडीत वळण आलं की आधी डोकं एकीकडं जातं आणि पोट दुसरीकडं. इथं तसं काही झालं नाही. आबा जिथल्या तिथं होते, त्यांच्या कमरेभोवती डोंगरच फिरला. वळण अर्धं संपलं तेव्हा अमरनं हळूच रेस दिली. गाडी मागच्या पायांवर बसली आणि पाठीत हात घालून कुणी पुढं लोटावं तसं तिनं दोघांना बाहेर लोटलं.

आबांनी दार सोडलं.

"साद्या गाडीची फुडचीच चाकं वडत्यात आन फुडचीच वळत्यात," अमर म्हणाला. "दोन्ही कामं एकाच्याच गळ्यात. मग वळनात ती आडून बसती, भाईर पळाय बघती. हिची फुडची चाकं निस्ती वाट दावत्यात. लोटनारी मागची."

"म्हंजे बुवा फुडं आन टाळकरी मागं."

"तसंच धरा की."

पुढचं वळण झाडांच्या सावलीत होतं. दवानं रस्ता ओला, त्यावर पाला पडलेला. मधोमध आल्यावर गाडीचा मागचा भाग हलकेच बाहेर सरकला. खालून जमीन निघाल्यागत आबांना झालं.

"पाय काड, अमर. पाय काड."

अमरनं पाय काढला नाही. हात उलट्या बाजूला नेले, पाय होता तिथंच ठेवला, रेस थोडीही तोडली नाही. मागचा भाग क्षणभर तसाच तरंगला आणि वासरू आईच्या मागं यावं तसा गुमान ओळीत आला.

"पाय काडला असता तर गरकन घुमली असती," अमर सावकाश म्हणाला. "सगळा भार एकदम फुडं येतो. मागची चाकं हलकी हुत्यात, आन मग ती कुनाचीच न्हायत."

"म्हंजे घाबरल्यावर पाय काडायचा न्हाय?"

"घाबरल्यावर तर न्हायच. काय हळू करायचं ते वळनाच्या आदी. एकदा वळनात शिरलं की निस्तं सांभाळायचं."

आबांना मृदंग आठवला. बुवा भर अभंगात चाल बदलतात, तेव्हा नवा वाजवणारा दचकून हात उचलतो आणि टाळकऱ्यांची फाटाफूट होते. हात उचलू नये, बोटं कातड्यावर ठेवूनच सावरून घ्यावं. हे त्यांनी गावातल्या किती पोरांना शिकवलं होतं. स्वतःच्या पोराला शिकवायचं राहिलं म्हणून हळहळले होते. आणि तो तर हेच शिकून बसला होता, त्यांच्याच घराच्या मागं, पत्र्याच्या शेडमध्ये. हा मोह नव्हे. हा रियाज होता.

गुडघ्यावर त्यांची बोटं कधीची चालू होती. पुढच्या वळणाला अमरचा पाय नेमका त्यांच्या थापेवर पडला.

"अमर," ते म्हणाले, "मल्लेशला नगं म्हनून सांगूया काय?"

अमरनं ते वळण आधी पुरं केलं.

"खोबरं खाल्लंय आबा. तुमी तर दोनदा वाडून घेतलासा."

वर मल्लेश मेव्हण्याच्या जीपला टेकून उभा होता. हातात लिंबं, गुलालाची पुडी. "या री मामा. लई वाट बघितली." देवाला दाखवून झालं, नारळ फुटला, लाल नाकावर गुलाल पडला. आबांनी किल्लीचा हात पुढं केला, पण मूठ उघडेना.

"काय मामा, किल्ली चिकटली काय?" मल्लेश म्हणाला. मेव्हणा खो खो हसला.

आबांनी मूठ उघडली. "एक सांगतो, पावनं. वळनात भ्या वाटलं तरी पाय काडू नगासा."

"तुमी चालिवलीसा व्हय मामा ही?"

"न्हाय," आबा म्हणाले. "बसलो एकदा."

गाडी खाली निघाली, तिच्यामागं जीप. बापलेक कठड्याशी उभे राहिले. गाडी झाडाआड गेली, पण आवाज वर येत होता. वरची वळणं नीट गेली. आबांची बोटं कठड्यावर ठेका धरून होती. मग खालचं, सावलीतलं वळण आलं. तिथं आवाज एकदम तुटला, टायर किंचाळले, आणि बऱ्याच वेळानं इंजिन पुन्हा दबकत दबकत चालू लागलं.

आबांची बोटं थांबली होती.

"काडला," ते म्हणाले.

"शिकंल," अमर म्हणाला. त्यानं खांद्यावरचा गुलाल झटकला आणि एसटीच्या थांब्याकडं वळला. आबा त्याच्या मागोमाग निघाले, आवाज पार खाली विरेपर्यंत मान तिकडंच ठेवून.