वजनकाटा नसलेली खोली

"वहिनी, तोंड पाडू नकोस. माणसं यायला हवीत की नकोत?" नणंद म्हणाली आणि पत्रकांचा गठ्ठा तिने टेबलावर आपटला.

वहिनीने वरचं पत्रक उचललं. 'बारीक व्हा, आनंदी व्हा!' असं ठसठशीत छापलं होतं. शेजारी एक सडपातळ बाई सगळे दात दाखवून हसत होती, आणि तिच्या पायाशी वहिनीच्या खोलीचा पत्ता होता.

वहिनी समुपदेशिका होती. स्वतःच्या शरीराची लाज वाटून जी माणसं आतल्या आत कुढत राहतात, त्यांच्यासाठी तिने नणंदेच्या ब्युटी पार्लरवरची खोली मागून घेतली होती. तिथे वजनकाटा नव्हता, आरसाही नव्हता. दारावर पाटी होती, 'आहे त्या शरीराशी सलोखा'. लोक ती दोनदा वाचत आणि खाली केस कापायला जात. नणंद मनाने वाईट नव्हती, पण तिलाही धंदा करायचा होता. महिनाअखेरपर्यंत कोणी आलं नाही, तर वर केस रंगवायच्या खुर्च्या येणार होत्या.

"अगं, पण मी कुणाला बारीक करत नाही."

"ते आत आल्यावर सांग. आधी दारात तर येऊ देत. मधाचं बोट लावल्याशिवाय कोण येतंय?"

वहिनी स्वतः चांगली ऐसपैस होती. शाळेत तिला सगळे 'भोपळी' म्हणत. ते नाव टोचायचं थांबायला अर्धं आयुष्य गेलं, आणि ते थांबलं तेव्हाच तिने हे काम शिकायला घेतलं. आता हेही हातचं गेलं तर पुन्हा कुठल्यातरी दवाखान्यात नावं पुकारत बसावं लागणार होतं. तिने पत्रक परत गठ्ठ्यावर ठेवलं. पत्रकं वाटली गेली.

आठवडा संपायच्या आत एक आई मुलीला घेऊन आली. वहिनीला इतका आनंद झाला की पाणी देताना अर्धं ट्रेमध्येच सांडलं.

"हिला अजून थोडं उतरवायचंय," आई म्हणाली. "आधी नुसतं पिंप होती. स्वतःच कमी केलं हो पोरीने, सगळे विचारतात काय केलंत म्हणून. पण आता काटा अडकलाय."

आई पदराने घाम पुसत होती, पंखा गरगरत होता, आणि मुलगी जाड स्वेटर घालून बसली होती. पंधरा-सोळा वर्षांची असेल. तिने पेला धरला तेव्हा बाही वर सरकली. मनगटावर पिसासारखी बारीक लव होती. नखं निळसर होती.

"काय काय खातेस गं दिवसभरात?"

"खाते की," मुलगी म्हणाली.

"सफरचंद खाते, तेही अर्धं," आई कौतुकाने म्हणाली. "शिस्त आहे हो तिला."

वहिनीने पुन्हा त्या नखांकडे पाहिलं. अशा नखांबद्दल शिकताना वाचलं होतं. समोर पाहिली नव्हती कधी. खरं बोललं तर ही बाई उठणार आणि पोरीला घेऊन दुसऱ्या कुणाच्या पत्रकामागे जाणार. गोड बोलून चार वेळा बोलावून घ्यावं म्हटलं, तर पोरीकडे तेवढा वेळ आहे का? आणि हिला इथे आणलं होतं ते आपणच गप्प राहून वाटू दिलेल्या खोट्याने. तिला भयंकर भीती वाटत होती.

"ताई, मी बारीक करत नाही," ती म्हणाली. "ते पत्रक चुकीचं आहे. आणि हिला आजच, आत्ता, डॉक्टरांना दाखवायला हवं. ही उपाशी आहे."

"म्हणजे खोटं छापता तुम्ही?"

"वाटू दिलं मी. चूक माझी आहे."

आईने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आधी स्वतःकडे बघा, मग माझ्या पोरीला नावं ठेवा. चल गं, ऊठ."

असली वाक्यं वहिनी एरवी हसण्यावारी न्यायची. आज तिला लागलं. पण ती मुलीकडेच बघत राहिली. मुलगी खुर्चीला दोन्ही हात टेकून अर्धवट उठली आणि पुन्हा खाली बसली.

"आई, थांब ना. अंधारी येतेय."

"नाटकं नकोत हं."

"रोज येते. रात्री छातीत धडधडतं. कधीकधी वाटतं, आता बंदच पडेल." मुलगी खाली बघून बोलत होती. "तू सगळ्यांना माझं कौतुक सांगत होतीस ना. म्हणून नाही सांगितलं."

आईच्या चेहऱ्यावरचा राग कुठल्याकुठे गेला. तिने मुलीचा हात हातात घेतला, आणि बहुधा कितीतरी दिवसांनी घेतला असावा, कारण तो किती गार आहे हे तिला तेव्हाच कळलं.

"मॅडम," ती म्हणाली, "काय करू मी?"

वहिनीने मुलीला सतरंजीवर आडवं केलं, थोडं साखरपाणी पाजलं आणि खाली नणंदेला फोन केला. नणंदेने गिऱ्हाइकाचा मेकअप अर्धा सोडून गाडी दाराशी आणली.

जिना मात्र उतरायलाच हवा होता. वरच्या पायरीवर मुलगी थबकली आणि तिने कठडा घट्ट धरला.

"मी पडेन."

वहिनी तिच्या पुढे दोन पायऱ्या उतरली आणि वळून उभी राहिली. तिच्या रुंदीने तो अरुंद जिना भरून गेला. दवाखान्यात काय सांगतील, ही आई उद्या काय म्हणेल, वरच्या खोलीचं काय होईल, यातलं काहीच तिला ठाऊक नव्हतं.

"पड की," ती म्हणाली. "पडलीस तर माझ्यावरच पडशील. मला काही होत नाही."

मुलगी किंचित हसल्यासारखी झाली. तिने कठडा सोडला आणि दोन्ही हात वहिनीच्या खांद्यांवर ठेवले. मागून आई "सावकाश, सावकाश" म्हणत होती. वहिनी पाठमोरी, पावलाने खालची पायरी चाचपत, तिला घेऊन उतरू लागली.