ग्यानबाचा खोकला

केनवडात ख्रिस्ती म्हणावं असं एकच घर होतं आणि त्या घरात माणूसही एकच. एस्तेरबाई. वाशीमच्या दवाखान्यात सत्तावीस वर्षं नर्सचं काम केलेली, म्हणून सगळं गाव तिला सिस्टरबाई म्हणायचं. नवरा उपदेशक होता. सदुसष्ट साली तो गेला, तेव्हा त्याच्यासाठी खड्डा खणायला गावातून कोणी आलं नाही. ह्या लोकांत पुरतात म्हणे, आपण हात लावावा की नाही, असं म्हणत जो तो आपापल्या दारात उभा राहिला. आला तो एकटा ग्यानबा, मागच्या बौद्धवाड्यातला मजूर. दम्यानं छातीचा भाता झालेला, तरी गड्यानं दिवसभर कुदळ चालवली आणि मजुरीचं नावही काढलं नाही.

ह्या उपकाराची फेड बाईनं कशी केली म्हणाल, तर प्रार्थनेनं. नवऱ्याच्या हातची एक वही होती. गावातल्या आजाऱ्यांची नावं त्यात लिहिलेली. उपदेशक सकाळी ती नावं वाचायचा आणि दिवसभर त्या त्या घरी जाऊन बसायचा. बाईनं वाचणं तेवढं ठेवलं, जाणं सोडून दिलं. खोटं कशाला सांगा, तिचा गावावर राग होता. त्या रागात ग्यानबाचं घरही तिनं गावातच धरलं. रोज बाराच्या ठोक्याला ती बाहेरच्या खोलीत बाकावर बसायची, गीत सगळ्या कडव्यांसकट म्हणायची, मग वही उघडायची. पहिलं नाव ग्यानबाचं. प्रभू, त्याचा खोकला बरा कर.

आणि खोकला तर तिला बसल्या जागी ऐकू यायचा. तिच्या मागच्या खिडकीपासून ग्यानबाची झोपडी वीस पावलं. आता कोणीही म्हणेल, अगं बाई, तू नर्स, उठून जा, त्याला वाफ दे, पाठ चोळ. पण बाईचं आपलं ठरलेलं होतं. माणसांची नावं देवापाशी घ्यायची आणि माणसांपासून चार हात लांब राहायचं. अशी सात वर्षं गेली. त्या सात वर्षांत तिच्या घरी चहाचा दुसरा कप कधी भरला गेला नाही, आणि कधी कधी तर दिवस मावळल्यावर तिच्या ध्यानात यायचं की आज आपण गीताखेरीज तोंड उघडलेलंच नाही.

चौऱ्याहत्तर साली पोळ्याच्या सुमाराला तो खोकला थांबला. एक दिवस झाला, आठवडा झाला, खोकला नाही. बाईला वाटलं, ऐकलं देवानं. तिनं वहीत ग्यानबाच्या नावापुढे 'बरा झाला' असं लिहिलं. पुढच्या महिन्यात वाशीमच्या चर्चच्या सभेत उभी राहून, देवानं आपली प्रार्थना कशी ऐकली, अशी तिनं साक्षही दिली. पाळकसाहेब सगळ्यांना म्हणाले, विश्वास असावा तर आमच्या एस्तेरबाईसारखा. त्या एका वाक्यावर बाईनं दोन-तीन महिने काढले. एकट्या माणसाला तेवढं पुरतं.

थंडीच्या दिवसांत एका बाजाराला ती मिरच्या घ्यायला गेली, तर पुढ्यात ग्यानबाची बायको केशरबाई. तिच्या उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं होतं. बाईनं मोठ्या आनंदानं तिला थांबवलं आणि म्हणाली, "केशरबाई, ग्यानबाचा खोकला गेला ना? मी रोज देवाचे आभार मानते."

केशरबाई तिच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "खोकला बी गेला अन् तो बी गेला. पोळ्याच्या चार दिवस आंदी."

पुढचं तिनं न विचारताच सांगितलं. ती शेतात निंदायला गेली होती. लेक लग्न होऊन शिरपूरला, घरी तो एकटाच. दुपारी केव्हातरी गेला. ती आली तेव्हा पाण्याचा गडवा आडवा पडलेला होता आणि त्याचा हात गडव्याकडे. पाणी द्यायला कोणी नव्हतं. एवढं सांगून ती मिरच्यांचा भाव करायला लागली.

बाई घरी आली आणि पिशवीसकट बाकावर बसली. पोळ्याच्या चार दिवस आधी. तो दिवस तिला चांगला आठवत होता. भरदुपारी ती वही वाचत होती आणि खोकला काही केल्या थांबत नव्हता. प्रार्थनेत सारखा व्यत्यय. म्हणून तिनं उठून खिडकी लावून घेतली होती आणि मग शांतपणे ग्यानबासाठी प्रार्थना केली होती. दोनच्या एसटीनं ती वाशीमला निघून गेली, चार दिवस तिकडेच राहिली. परत आली तोवर सगळं उरकलेलं होतं. बाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. देवापुढे बसायचीही तिला लाज वाटली, आणि हे सांगावं असं माणूस तर गावात तिनं एकही ठेवलं नव्हतं.

पण तिच्या नाकात आणखी एक गोष्ट राहून गेली होती. केशरबाईच्या फडक्याचा वास. सत्तावीस वर्षांचं नर्सचं नाक ते, चुकणार नाही. हात आतून सडत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पेटीतलं आपलं नोकरीतलं पांढरं लुगडं काढलं, फाडून पट्ट्या केल्या, उकळून वाळवल्या. वस्तीवरच्या कंपाउंडरकडून जखमेवर टाकायची पूड आणली आणि मागची वीस पावलं चालून गेली. केशरबाई दारातच बसली होती. ती म्हणाली, सिस्टरबाई, तुमी कायले आल्या, तुमी आपलं देवाले सांगा. बाईनं ऐकून घेतलं. तिला ते ऐकायलाच हवं होतं. मग तिनं हात बघू दे म्हणून सांगितलं.

ज्वारी कापताना विळा लागला होता. सूज मनगटावर चढलेली, बोटं काळवंडायला लागलेली. वाशीमला चल म्हटलं तर केशरबाई ऐकेना. तिकडं हात कापतात, म्हणाली, अन् हात गेल्यावर मले कोन रोजानं कामाले लावते? बाईनं तिला खरं तेच सांगितलं. दहा-बारा दिवस रोज धुऊन बांधलं तर हात राहील, एक दिवस चुकला तरी भरवसा नाही. केशरबाईनं थोडा विचार केला आणि हात पुढे केला.

मग बाई रोज जायला लागली. आधी चूल पेटवायची, मीठ घालून पाणी उकळायची, कोमट करायची, मग धुवायची. केशरबाई दात आवळून भिंतीकडे तोंड करून बसायची. दोघींत बोलणं असं नसायचंच. तरी बाईला त्या घरात बसलेलं बरं वाटायचं आणि बरं वाटतं म्हणून अपराधीही वाटायचं. पाचव्या दिवशी सूज उतरली. बोटांना रंग आला.

सहाव्या दिवशी पट्टी अर्धी बांधून झाली होती. केशरबाईनं भिंतीकडे बघतच विचारलं, "त्या दिशी दुपारी तुमी घरीच होत्या काय?"

बाईचा हात थांबला. मी वाशीमला गेले होते, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं, आणि ते अगदीच खोटंही नव्हतं. खरं सांगितलं तर ही आपल्याला दारात उभं करणार नाही आणि हिचा हात जाईल, हे तिला लख्ख दिसत होतं. रोग्याचं भलं आधी, असं तिच्यातली नर्स सांगत होती. पण एक खोटं खिशात घालून रोज इथे येऊन बसायचं, त्यापेक्षा आपली ती वही काय वाईट होती, असंही तिच्या मनात आलं.

"घरीच होते," ती म्हणाली. "त्याचा खोकला ऐकू येत होता. मी त्याच्यासाठी प्रार्थना करत होते आणि त्या खोकल्यानं माझं चित्त लागेना, म्हणून मी खिडकी लावली."

केशरबाईनं हात ओढून घेतला. पट्टीचं टोक तसंच लोंबत राहिलं.

"जा तुमी," ती म्हणाली.

बाई उठून घरी आली. बारा वाजले, तिनं वही उघडली नाही. खिडकी मात्र सताड उघडी ठेवून ती बाकावर बसून राहिली. पलीकडून काहीच आवाज येत नव्हता. ह्या घरात ती सात वर्षं एकटी होती, पण आजच्याइतकी कधीच नव्हती. आपण खरं बोललो ते केशरबाईसाठी, की आपलं मन हलकं व्हावं म्हणून, हे तिचं तिलाच सांगता येईना. आणि त्यापायी बिचारीचा हात गेला तर? ती रडली. पूर्वी रडताना ती देवाला हाक मारायची. आज तीही मारवेना.

सकाळी तिनं पट्ट्या घेतल्या आणि निघाली. दार लावलेलं असलं तर दारात बसायचं, शिव्या दिल्या तर खायच्या, पण पट्टी बदलल्याशिवाय उठायचं नाही, एवढंच तिनं ठरवलं होतं.

दार उघडं होतं. आत चूल पेटलेली होती, पातेल्यात पाणी खदखदत होतं आणि मिठाची पुडी शेजारी सोडून ठेवली होती. एका डाव्या हातानं हे सगळं करायला केशरबाईला किती वेळ लागला असेल कोण जाणे. जुनी पट्टी काढून तिनं उजवा हात मांडीवर उघडा ठेवला होता. तोंड आज भिंतीकडे नव्हतं. बाई उंबऱ्यातच थांबली, तिला आत पाऊल टाकवेना.

"या," केशरबाई म्हणाली. "पन आता त्याचं नाव देवापाशी घेऊ नोका, सिस्टरबाई. माह्यापाशी घेत जा. माह्यापाशी त्याचं नाव घेनारं कोनीच नाई."