राखीव जागा

आयुधपूजेचा मुहूर्त अगदी तोंडावर आला होता आणि नागवेणीचा संगणक काही बंद करता येत नव्हता.

शिरसीतल्या हेगड्यांच्या स्टुडिओत त्या दिवशी कात्रीपासून कॅमेऱ्यापर्यंत सगळ्यांना विश्रांती. बंद यंत्रालाच हार घालायचा, चालू यंत्राची पूजा हेगड्यांना मुळीच खपत नसे. पण पडद्यावर 'अपडेट चालू आहे, बंद करू नका' हे वाक्य सकाळपासून ठाण मांडून बसलं होतं.

खरं कारण एकट्या नागवेणीला ठाऊक होतं. अपडेटसाठी संगणक स्वतःपुरती थोडी जागा राखून ठेवतो. यक्षगानाच्या नाट्यप्रयोगांत पदं गाणाऱ्या शंभू भागवतांचं चित्रण मावेना म्हणून तिने ती राखीव सोय बंद करून तिथे चित्रण कोंबलं होतं. कॅमेऱ्यातलं मूळ पुसून त्यावर एक लग्नही उरकलं. दुसरी प्रत करायचं उद्या, परवा करत राहिलंच. मधल्या काळात भागवतांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला.

आज गळ्याभोवती पंचा गुंडाळून तेच भागवत कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते.

"वेणी, भटजी खोळंबलेत. कर बंद," असं म्हणत हेगडे मेन स्विचकडे निघाले.

ती आडवी उभी राहिली.

"अण्णा, हात लावू नका. आत्ता वीज तोडली तर तो परत सुरू होईल याचा भरवसा नाही. काकांचं गाणं त्यातच आहे, दुसरीकडे कुठेच नाही. चूक माझी आहे."

हेगड्यांनी तिला नको नको ते सुनावलं, आणि ते चुकीचंही नव्हतं. पण तिच्या खांद्यावरून स्विचला लागलेला त्यांचा हात निघेना. तेव्हा भागवत उठले, त्यांनी तो हात धरून शांतपणे खाली घेतला आणि संगणकासमोर जाऊन बसले. हेगडेही पूजेला हलेनात म्हटल्यावर भटजींनीही बैठक मारली. मुहूर्त टळला. पूजेनंतर फोडायचा कोहळा तसाच दारात राहिला.

जागा न मिळाल्याने अपडेट फसलं. केलेले बदल संगणक एकेक करून मागे घेऊ लागला. मग पडदा काळा झाला आणि बराच वेळ काळाच राहिला. नागवेणीला रडू आवरेना.

अखेर तो सुरू झाला. तिने चित्रण उघडलं. चंडे ढोलाच्या कडकडाटामागून भागवतांचा आवाज उसळला आणि खोली भरून गेली. हेगड्यांनी डोळे पुसले.

भागवत मांडीवर ताल धरून ऐकत होते. एका जागी त्यांच्या कपाळाला आठी पडली. पद किंचित घसरलं होतं, दुसऱ्या कुणाला कळलंही नसतं. त्यांनी मान हलवली आणि सवयीने नागवेणीला बोटाने खूण केली, पुन्हा घेऊ.

बोट तसंच वर राहिलं. मग त्यांनी ते हळूच खाली घेतलं.