प्रेमानंदचा गॉगल

साठच्या दशकात नांदुऱ्याला फोटो काढायला जायचं म्हणजे पायातल्या चपला तेवढ्या आपल्या, बाकी सगळा थाट स्टुडिओवाल्याचा. खुंटीला एक काळा कोट, रबर लावलेला तयार टाय, आरशाला सुतळीनं बांधलेला कंगवा आणि पावडरचा डबा. कोट एकच, पण तो काटकुळ्या पोरापासून पोट सुटलेल्या व्यापाऱ्यापर्यंत साऱ्यांना यायचा. ढगळ झाला तर पाठीमागून कपड्यांचे चिमटे लावायचे. समोरून साहेब, मागून दोरीवर वाळत घातलेला. आसपासच्या गावांत त्या काळचे जे ऐटबाज पुरुष भिंतींवर टांगलेले आहेत, त्यातले निम्मे तरी त्याच कोटात आहेत.

कलाबाईचा थोरला भाऊ प्रेमानंद त्यातलाच. फक्त त्यानं कोटाच्या जोडीला स्टुडिओतला काळा गॉगलही चढवला होता. म्हातारपणी कलाबाईच्या जिवाला घोर लागला तो या गॉगलचाच.

फोटो काढला त्याच वर्षी मुदतीच्या तापानं प्रेमानंद गेला. मिसरूड फुटून फार दिवस झाले नव्हते. त्याचा दुसरा फोटो नाही. आईबाप गेले, गावातले, धामणगाव बढ्यातले दोस्त एकेक करून गेले. त्याला प्रत्यक्ष पाहिलेलं माणूस आता जगात एकच उरलं होतं, आणि तेही ऐंशीला टेकलं होतं.

तसं कलाबाईला सगळं आठवायचं. त्याची ती नळीची पँट, जी चढवताना तो खाटेवर आडवा पडायचा आणि धाकट्या बहिणीला पायचे ओढायला लावायचा. टोकदार बूट. कपाळावर तेलपाणी लावून उभा केलेला केसांचा फुगा, आणि तो मोडू नये म्हणून अख्ख्या प्रवासात एस.टी.च्या खिडकीला डोकं न टेकता ताठ बसलेली स्वारी. फोटोच्या त्या दिवशी त्याच्यासोबत जायचं म्हणून तिनंही पहिल्यांदाच नायलॉनची साडी नेसली होती, दोन वेण्यांना लाल रिबिनी बांधल्या होत्या. रिबिनीचा रंग आठवतो आणि सख्ख्या भावाचे डोळे आठवत नाहीत, याला काय म्हणावं? आठवणीत तो आरशापासून वळायचा, गॉगल कपाळावर सरकवायचा, "कसा दिसतो व, कले?" विचारायचा, आणि भुवयांच्या खाली नुसतं धुरकट असायचं. पण त्या धुरकटातून तो आपल्याकडेच पाहतोय, एवढं तिला पक्कं कळायचं. तेवढ्यावर तिनं आयुष्य काढलं होतं.

बाप फोटो पाहून तेव्हाच म्हणाला होता, "कोट घातला, लय चांगलं केलं. आपलं पोरगं कोटात दिसलंच पाह्यजे. पण डोये काऊन झाकले, बापा?" मग त्यानं तो फोटो बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली लावला. लग्नानंतर तो कलाबाईबरोबर नांदुऱ्याला आला आणि इथंही त्याच जागी बसला.

परवा दुपारी नात मनाली मोबाईल घेऊन खिदळत होती. कॉलेजात जुन्या फॅशनचा दिवस होता, म्हणून फोनवर तिनं स्वतःच्या डोक्यावर भलाथोरला फुगीर अंबाडा चढवला होता. कलाबाईनं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"हे कसं केलं व?"

"फोनच करते, आजी. काहीबी करून देते."

 कलाबाई भिंतीकडे बोट करत म्हणाली, "मंग त्याचा गॉगल काढून देशीन काय?"

मनालीनं तसबीर उतरवली, ओढणीनं पुसली, फोटो घेतला. कलाबाईनं पदर सावरला. इतक्या वर्षांनी भाऊ भेटणार, आणि आपण अशा पांढऱ्या केसांच्या, बोळक्या तोंडाच्या. त्यानं ओळखलं नाही तर?

"हे पाह्य, आजी!"

कोट तोच, केसांचा फुगा तोच. गॉगल गेला होता. खाली मोठे काळेभोर डोळे होते, लांब पापण्या होत्या, बुबुळात चमक होती. मनाली हरखली. "काय हिरो दिसतेत व आजोबा!"

कलाबाईनं पाहिलं, जवळ घेऊन पाहिलं. आत कुठंच काही हललं नाही.

"हा नाही."

"थांब, दुसरे करून पाहू."

बारीक डोळे आले. मग घारे आले, मग हसरे, मग उदास. जबडा प्रेमानंदचा, ओठ प्रेमानंदचे, आणि वर दर वेळी कुणी दुसराच. "सांग ना आजी, कसे होते? मोठे का बारीक?"

"मले आठवलं असतं तं तुले काऊन सांगतलं असतं?" कलाबाई एकदम खेकसली. तिला आता भीती वाटू लागली होती. "पुरे. पुसून टाक सारे."

मनालीनं पुसले, तसबीर खिळ्याला लावली. "गेले, आजी. आता एकबी नाही राह्यला."

फोनातून गेले होते. कलाबाई खाटेवर कलंडली, डोळे मिटून हट्टानं स्टुडिओत शिरली. पायऱ्या रंगवलेला पडदा होता, पावडरचा वास होता. प्रेमानंद आरशापासून वळला. त्यानं गॉगल वर सरकवला आणि खाली काळेभोर, लांब पापण्यांचे डोळे निघाले. स्वच्छ. चकचकीत. तिनं ते झटकले तर घारे आले. घारे झटकले तर हसरे. तिला हवं होतं ते धुरकट कुठंच सापडेना, आणि त्या सगळ्या डोळ्यांतला एकही तिला ओळखत नव्हता. वाटेत दिसलेल्या परक्या पोरीकडे पाहावं तसे ते तिच्याकडे पाहत होते.

तिचा हंबरडा ऐकून मनाली धावत आली.

"आजी! काय झालं?"

"प्रेमानंद गेला व."

मनालीनं तिचा हात धरला. "आजी, ते तं कवाच गेले."

"नाही," कलाबाई म्हणाली. "आत्ता गेला."