ओळखत नाही

पाळकसाहेब, तुम्ही त्या पोरीला फसवलंत. फसवलं मीही, पण मी जळून फसवलं. तुम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवून, प्रार्थना करून फसवलंत.

आधी माझं सांगते. कसबा पेठेत माझी आणि सत्यशीलाची खोली समोरासमोर, मध्ये चार फुटांचा बोळ. ती दवाखान्यात आया, मी टायपिंगच्या क्लासवाली. कॉम्प्युटर आले आणि माझी सातही मशिनं भंगारवाल्याने किलोवर नेली. शेवटच्या बॅचला सत्यशीलाची लेक नम्रता होती. "करंगळी उचल गं, पाहुणी आहे का ती?" असं ओरडून ओरडून तिची दहा बोटं मी चालती केली.

तीच नम्रता आणि माझा पोरगा तेजस एकाच रिक्षाने खराडीच्या कंपनीत इंटरव्ह्यूला गेले. तेजस दुपारच्या जेवणाला घरी. नम्रता संध्याकाळी आली ती हसतच. रविवारी चर्चमध्ये तुम्ही तिला पुढे बोलावलंत. "आपल्या मंडळीची पहिली सॉफ्टवेअर इंजिनिअर!" मी टाळ्या वाजवल्या, तळहात लाल होईपर्यंत. शेजारी तेजस गीतांच्या पुस्तकात मान घालून बसला होता. तेव्हा पोटात जे पेटलं ते आजवर विझलेलं नाही.

बाहेर सत्यशीलाने माझा हात धरला. "तेजसचंही होईल गं. मी रोज प्रार्थनेत त्याचं नाव घेते."

घेऊ नकोस, असं म्हणायचं होतं. "हो ना," म्हटलं.

ऑगस्टात एका दुपारी मोटरसायकलवाला आला. समोर कुलूप होतं.

"मावशी, नम्रता भालेराव इथंच राहते ना?"

"कोण विचारतंय?"

"कंपनीकडनं आलोय. पत्त्याची चौकशी. शेजाऱ्यांची एक सही लागते, बस. ओळखता ना?"

"नाही ओळखत."

"अहो, समोरचंच घर लिहिलंय."

"समोर एक बाई राहते, एकटी. मुलगीबिलगी कोणी नाही."

त्याने पेन थांबवलं. "नक्की ना? नोकरीचा प्रश्न आहे कुणाच्या तरी."

"एकदा सांगितलेलं कळत नाही का? मराठीतच बोलले मी."

आणि सही केली. झोकदार केली. पेत्रानेही 'ओळखत नाही' म्हणून प्रभू येशूला नाकारलं, पण ते जिवाच्या भीतीने. मला कुणाची भीती होती?

पंधरा दिवसांत पत्र आलं. माहिती खोटी आढळली, नेमणूक रद्द. सत्यशीला रेशनकार्ड, लाइट बिल घेऊन खराडीला गेली, तर गेटवरच अडवलं. दुसऱ्यांदा आत सोडलं तोवर मंदी आली होती. "आता भरतीच बंद आहे, मॅडम." नम्रता वाघोलीच्या एका कॉलेजात चिकटली. दिवसभर पोरांचे फॉर्म टाइप करते.

नाताळाआधीच्या प्रभुभोजनाला मला द्राक्षारसाचा प्याला तोंडाला लावता येईना. म्हणून तुमच्याकडे आले. सगळं सांगितलं, मोटरसायकलवाल्यासकट. तुम्ही चष्मा पुसलात. "रतनताई, प्रभूने तुम्हाला क्षमा केली. आता हे उकरू नका, मंडळीतली दोन घरं तुटतील. चुकीतून शिकायचं आणि पुढे जायचं."

खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. घरी जाऊन पोटभर जेवले.

मार्चात तुम्हीच म्हणालात, महिला सभेत उभं राहून आपला अनुभव सांगा, साक्ष द्या. "विषयच आहे, चुकांतून शिकणं. नावगाव नको. एका बहिणीचा हेवा वाटला, एवढंच लिहा. आणि शेवट आनंदाचा करा."

लिहायला बसले. शेवट आनंदाचा होईना. ती बहीण पहिल्या रांगेत बसणार आणि सगळ्यांत आधी आमेन म्हणणार. कागद तसाच टाकला आणि बोळ ओलांडला.

सत्यशीला ड्यूटीवरून येऊन गरम पाण्यात पाय सोडून बसली होती. नम्रता मेथी निवडत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं.

"रतन, तू?" सत्यशीला म्हणाली.

नम्रताने ताट खाली ठेवलं. "मावशी, म्हणजे माझा फॉर्म बरोबर होता?"

"हो."

"घर नंबर? पिनकोड?"

"सगळं बरोबर होतं गं."

"मी त्याची झेरॉक्स ठेवलीय. रोज काढून वाचते. कुठं चुकलं तेच सापडत नव्हतं." तिने मेथीचे हात पुसले. "पाळकसाहेब आले होते ना जानेवारीत. म्हणाले, देव उगाच दार बंद करत नाही, बाळ. तुझंच कुठंतरी चुकलंय, ते शोध आणि त्यातून शिक."

"जानेवारीत? नक्की?"

"नव्या वर्षाच्या प्रार्थनेला. आई होती की."

सत्यशीलाने पाय पाण्यातून काढले. न पुसता, फरशीवर ओले ठसे उमटवत दाराशी गेली आणि दार उघडून धरलं. "जा आता."

आवाज चढवला नाही. एक सणसणीत शिवी हासडली असती तर दोघी बरोबरीच्या झालो असतो. तेवढंही दिलं नाही तिने मला. आणि लाज वाटते सांगायला, त्या घटकेलाही मला तिचा हेवाच वाटला.

कंपनीला मी माझ्या नावानिशी पत्र टाकलंय, खोटं मी बोलले म्हणून. पोरीची नोकरी त्याने परत येणार नाही, ठाऊक आहे. सभेत साक्षही देणार आहे, दोन्ही घरांच्या नावांसकट. त्यानंतर मंडळीत कोण माझ्या शेजारी बसतं, ते माझं मी बघेन.

पण पाळकसाहेब, डिसेंबरात तुम्हाला सगळं ठाऊक झालं होतं. जानेवारीत तुम्ही त्या घरात बसून चहा प्यायलात, आणि त्या मुलीला स्वतःची चूक शोधायला लावलीत. तीन महिने ती शोधत होती. येत्या रविवारी सगळ्यांदेखत, तिच्याकडे बघून सांगा. कुठली चूक?