रुईच्या हंगामातली शीळ

सेहेचाळीस सेंटिमीटर.

डिसेंबरात मूर्तिजापूरच्या अलीकडे बाभळींना पांढरी फुलं येतात. ती फुलं नसतात.

आवाज आला की बोट वर करा.

जिनिंगमध्ये पाळी संपवून तिथेच झोपलेला माणूस मशीन सुरू असताना झोपतो आणि ती बंद पडली की जागा होतो.

एका स्वप्नात हवा दिसते. निळसर असते, एका भोकाकडे धावत असते, आणि भोकाच्या तोंडाशी आली की तिला कंठ फुटतो.

एकोणतीस सेंटिमीटर.

हंगामाआधी पास नाही.



स्वप्न अनुपचं आहे. त्याचं अमरावतीत, बडनेरा रोडवर, किशोरसोबत भागीदारीत गॅरेज आहे. चौदा वर्षं जुन्या एका छोट्या पेट्रोल गाडीवर त्याने सुपरचार्जर बसवला होता. भंगारात आलेल्या विदेशी गाडीतून काढलेला. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा हा पंप बाहेरची हवा ओढतो आणि इंजिनात कोंबतो. फिरताना शीळ घालतो. इंजिनाची गती वाढली की शीळ वर चढते, चढतच जाते, जिना संपला तरी पायऱ्या सुरूच असाव्यात तशी.

पंप त्या इंजिनासाठी बनलेला नव्हता. तो बसवायचे टेकू, पुली, सगळं अनुपने स्वतः घडवलं. आठ महिने लागले. रात्री डोळे मिटले की त्याला ती हवा दिसायची.

शीळ मात्र फार बारीक येत होती. फिल्टर एका बंद डब्यात होता, आणि डब्यापासून पंपापर्यंतच्या पाइपला बाजूने प्लॅस्टिकची एक पोकळ कुपी चिकटलेली होती. कुपीचं काम आवाज गिळणं. ती आपलं काम चोख करत होती. गाडीजवळ उभं राहिलं तर एखादा डास दुसऱ्या खोलीत असल्यासारखं वाटे.

"डबा काढतो, कुपी काढतो," अनुप म्हणाला. "पाइप अर्धा करतो. समोरून उघडा फिल्टर."

"काहून बे?" किशोर चाकाखालून म्हणाला. "पोलिसाले आमंत्रण देऊन राहिला का?"

"नाही."

"मंग पोरीसाठी? लगन होऊन नऊ वर्षं झाले तुह्यं."

"बाबासाठी."

किशोर गाडीखालून बाहेर आला. हात पुसले. "तुहा बाप त आता दाराची बेल पण नाही ऐकत," तो म्हणाला. चिडवायला नाही, नुसतं म्हणाला.

"म्हणूनच."



देवमन. अनुपचा बाप. अकोल्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये, कापसाची सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्यात, एकतीस वर्षं फिटर.

तो मशीन डोळ्यांनी तपासत नसे. चोवीस जिन यंत्रं एकाच छताखाली धडधडत असत, हवेत रुई बर्फासारखी तरंगत असे, आणि देवमन ओळीच्या शेवटी डोळे मिटून उभा राहायचा. मग म्हणायचा, सातव्या नंबरचं बेअरिंग जाते. उघडून पाहिलं की गेलेलं असायचं.

त्या जिनिंगमधल्या फिटरांचा एक रिवाज होता. नवी मशीन आली, किंवा जुनीची मोठी दुरुस्ती झाली, की तिला लगेच चांगलं म्हणायचं नाही. दिवाळीपासून होळीपर्यंत कापूस येतो, तेवढा हंगाम तिला चालू द्यायची. हंगाम संपला की फिटर शेवटचं ऐकायचा आणि एक शब्द बोलायचा. पास. किंवा काहीच बोलायचा नाही.

अनुपने लहानपणापासून आणून दाखवलेली कोणतीही वस्तू, सायकलचं दुरुस्त केलेलं चाक, मोटरवरची चक्की, पहिली मोपेड, देवमनने कधी पास केली नव्हती. वाईटही म्हटलं नव्हतं. वस्तू हंगामभर टिकत नसत, हेही खरं.

ही टिकेल, असं अनुपला वाटत होतं. पण हंगाम होळीला संपणार होता. आणि कान?



देवमनच्या कानांवर काळे गोल. समोर काच. काचेपलीकडे त्याची मुलगी.

प्रियदर्शनी अकोल्यातच एका दवाखान्यात कानांच्या तपासण्या करते. बापाची तपासणी दुसऱ्या कोणाकडे द्यायला हवी होती, पण देवमन म्हणाला, तुह्याच खोलीत बसतो, गार राहते तिथं.

"आवाज आला की बोट वर करा, बाबा."

देवमनने बोट वर केलं.

"अजून सोडला नाही मी आवाज."

"मंग सोड ना."

तिने सोडला. खालचे आवाज त्याने पकडले: घागरीत बोलल्यासारखे, म्हशीच्या घशातले. मग ती एकेक पायरी वर गेली. मध्येच तिच्या लक्षात आलं की तो आवाज ऐकून बोट उचलत नाही, काचेतून तिचा खांदा हलताना पाहून उचलतो.

"बाबा, डोळे मिटा."

"डोळे मिटले त झोप लागते."

"मिटा म्हणते ना मी."

त्याने मिटले. त्यानंतर बोट मांडीवरच राहिलं. ती वर वर जात राहिली आणि तो शांत बसून राहिला, चेहऱ्यावर एक सौम्य, वाट पाहणारा भाव, एस.टी. यायची असल्यासारखा. कागदावरची रेघ डावीकडून सपाट निघाली आणि मधोमध खाली कोसळली. मागच्या वेळेपेक्षा ती लवकर कोसळली होती.

तिने भावाला फोन केला. "उतरून राहिलं रे. दर दोन-तीन महिन्यांनी. होळीपर्यंत काय राहीन, मले नाही सांगता येत."

"आवाज मोठा केला त?"

प्रियदर्शनीने कागदावरच्या कोसळलेल्या रेघेवर बोट ठेवलं. "मोठा केला म्हणून सगळाच ऐकू येत नाही, अनुप. वरचा त गेलाच."

अनुपने यातलं फक्त 'मोठा केला' एवढंच ऐकलं.



कापला.

करवतीची पाती पाइपमधून गेली, सेहेचाळीसचा एकोणतीस झाला. कुपी बाकावर पडली, तिच्यात बोट घालून किशोरने टकटक केलं. शंकूसारखा उघडा फिल्टर, कापडाच्या बारीक घड्यांचा, लाल तेल लावलेला. तेलाला धूळ चिकटते, हवा जाते. तो दिव्याच्या मागे, तोंड रस्त्याकडे करून बसवला.

मग चालू केली, आणि गॅरेजात स्वप्नातली हवा शिरली. बोलत होती आता. खालून, जमिनीतून उठल्यासारखी सुरू झाली, ऊंऊं करत पत्र्याच्या छतापर्यंत गेली, पत्र्यातून वर. शेजारचा वेल्डिंगवाला चष्मा वर करून आला.

"विमान का हे?"

"बाबासाठी हाये," किशोर म्हणाला.



रविवारची सकाळ आणि बडनेरा मागे पडलेलं आणि ऊन अजून कोवळं आणि पाय खाली दाबला की समोरून, दिव्याच्या मागून, शीळ उठते आणि काचेवर सरकत येते आणि सोडला की फुस्स करून विरते आणि परत, आणि शेतांत वेचणीच्या बाया वाकलेल्या, एकजण सरळ होऊन पाहते, आणि अनुप तिला हात करतो कशासाठी कुणास ठाऊक, आणि बाभळींच्या काट्यांना ट्रॅक्टरवरून उडालेली रुई अडकलेली, मैलच्या मैल, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी कोणीतरी झोप टांगून ठेवल्यासारखी, आणि मूर्तिजापूर, आणि पुढे कापसाच्या गाड्या, एकामागे एक, वर ताडपत्री नाही, आणि त्यांच्यामागून गाडी हळूहळू, आणि कुरणखेडच्या पुढे एका जिनिंगच्या फाटकासमोर सगळी रांग उभी, पाऊण तास, इंजिन चालू, कारण बंद केली तर ही शीळ थांबेल, आणि समोर हवेत पांढरे कण तरंगतात, सुरेख, सूर्य त्यांच्यातून येतो, आणि ते सगळे कण संथपणे, एकाच दिशेला, त्याच्या गाडीकडे येत आहेत, आणि अनुपला वाटतं, वा.



बोरगाव मंजूला गाडी ओढेना झाली. अकोल्यात शिरेपर्यंत शीळ घोगरी झाली, मग नुसता श्वास लागल्यासारखा आवाज.

अंगणात देवमन प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसला होता, स्वच्छ पांढऱ्या सदऱ्यात. प्रियदर्शनी पायरीवर. आई, भागीरथा, दारात.

अनुपने इंजिनाची गती वाढवून दाखवली, नुसती घरघर आली. देवमन उठला, बॉनेट उघडायची खूण केली.

आत फिल्टर नव्हता. पांढरा भोपळा होता.

देवमन बराच वेळ पाहत राहिला. मग हसू लागला, खांदे हलत होते.

"बोंड फुटलं तुह्या गाडीले," तो म्हणाला.

"बाबा, हे..."

"चौथीतल्या पोराले बी माहीत हाये. हंगामात मोटरीचं तोंड उघडं ठेवत नाही कोणी. जाळी लावते. दर दोन घंट्यांनी पुसते." त्याने शंकूच्या टोकाशी नख खुपसलं आणि रुई अख्खी, एका पांघरुणासारखी सोलून काढली. तेलाने एक बाजू गुलाबी झाली होती. "आणि तू त्याले तेल लावून बसला. घ्या म्हणे, चिकटा."

"द्या इकडे," भागीरथा म्हणाली. "उशीत भरते."

"तेलकट हाये, आई."

"मंग तुह्या उशीत भरते."

देवमन जागेवर गेला, पण खुर्चीत बसला नाही. खुर्चीमागे उभा राहिला, हात मागे, डोळे मिटले. अनुपने त्याला असं उभं राहिलेलं खूप वर्षांत पाहिलं नव्हतं. तो गाडीत बसला.

चालू केली. शीळ आली, जमिनीतून, मोकळी. देवमनची हनुवटी किंचित वर झाली. अनुपने गती वाढवली. शीळ गुडघ्यापर्यंत आली, छातीपर्यंत आली, कौलांवर गेली. शेवग्यावरच्या साळुंक्या उडाल्या. शेजारच्या गच्चीवर कोणीतरी डोकावलं. तो अजून दाबत गेला, सगळं अंगण एका लांब, लखलखीत तारेसारखं ताणलं गेलं.

"बंद काहून केली?" देवमनने विचारलं.

डोळे मिटलेलेच होते.

अनुपचा पाय खालीच होता. त्याने बहिणीकडे पाहिलं. ती मान खाली घालून पायरीची फरशी पाहत होती.

त्याने पाय हळूहळू उचलला. तार सैल पडली, आवाज कौलांवरून उतरला, छातीशी आला.

"आता केली ना चालू," देवमन म्हणाला.

अनुपने गाडी बंद केली. त्याच्याच कानात गुणगुण उरली होती.

"कशी हाये, बाबा?"

"हंगाम होऊ दे."

"हंगाम होईपर्यंत..."

"कान नाही राहणार. मले माहीत हाये. तुह्या बहिणीच्या तोंडावर लिहून राहते ते, कागद कायले पाहू." देवमनने डोळे उघडले. "म्हणून आज पास करू का? पोराची हाये म्हणून? ते पास नाही, बापू. तो लाड."

भागीरथा म्हणाली, "मंग करा ना एखादा लाड. छत्तीस वर्षांचा झाला."

देवमनने तिचं बोलणं ऐकलं नाही, किंवा ऐकलं. तो घरामागे गेला आणि बारीक जाळीचा एक तुकडा, पत्र्याची कात्री आणि पत्र्याची एक पट्टी घेऊन आला. दुपारभर दोघे बॉनेटखाली वाकून होते. देवमनने फिल्टरभोवती पत्र्याचं घर केलं, पुढच्या तोंडाला जाळी, जाळी निघावी म्हणून दोन आकडे. बोटांनी माप घेत होता, टेप नव्हता.

"आवाज कमी होईन, बाबा." अनुप त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाला.

"होईन. इंजिन जगन."

अनुपने जाळी धरून ठेवली. देवमनने आकडे वाकवले. नंतर चालू केली तेव्हा शीळ होती, पण गाडीच्या आतच राहणारी, घराच्या मागच्या खोलीत कोणी गुणगुणत असावं तशी. साळुंक्या परत आल्या.



जानेवारी. फेब्रुवारी. दर रविवारी अनुप अकोल्याला येतो, आकडे काढतो, जाळी झटकतो. देवमन शेजारच्या सीटवर बसतो, बार्शीटाकळीच्या रस्त्याने फिरून येतात. दोघे बोलत नाहीत. बोलायचं तर ओरडावं लागतं, आणि ओरडून सांगण्यासारखं काही नसतं. उतारावर देवमन पेंगतो. आता त्याला गाडी थांबली तरी जाग येत नाही, खांद्याला हात लावावा लागतो.

फेब्रुवारीच्या शेवटी प्रियदर्शनीने परत तपासणी केली. कागद घडी करून पर्समध्ये ठेवला, फोन केला नाही.

होळीच्या आदल्या रविवारी कापसाची शेवटची गाडी गेली असेल-नसेल, देवमन अंगणात आला. पांढरा सदरा. खुर्चीमागे उभा राहिला, हात मागे.

"चालू कर," म्हणाला.

अनुपने चालू केली. गती वाढवली नाही, कमी केली नाही. पाच मिनिटं. देवमनच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. ऊन त्याच्या पापण्यांवर होतं. गाडी बंद केल्यावरही तो तसाच उभा होता, तेव्हा अनुप जवळ गेला आणि त्याच्या खांद्याला हात लावला.

देवमनने डोळे उघडले.

"पास," तो म्हणाला.

मग घरात गेला, चहा मागितला. अनुप गाडीपाशी उभा राहिला. त्याला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. बापाने यातलं काय ऐकलं, काय नाही, हे विचारायची त्याला हिंमत झाली नाही. पुढेही त्याने कधी विचारलं नाही.

मागच्या जूनमध्ये, सुपरचार्जर बसवल्यावर अनुप पहिल्यांदा अकोल्याला आला होता तेव्हा, तो आंघोळीला गेल्यावर देवमनने गाडी चालू केली होती आणि बॉनेट उघडून, हाताने गती वाढवत, तिची शीळ खालपासून वरपर्यंत ऐकली होती.