कॉपी नाही, कट

रविवारी दुपारी चारच्या सुमारास, पनवेलच्या उरण नाक्यावरच्या एका फोटो स्टुडिओत, गुणाबाईंच्या गाण्यांचे सगळे व्हिडिओ कॉम्प्युटरवरून काढून सुनीताच्या फोनमधल्या मेमरी कार्डात टाकण्यात आले. कॉपी करून नव्हे, कट करून. तसं सुनीतानेच बजावलं होतं.

गुणाबाई म्हणजे सुनीताची आई. ती धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात हळद लावण्यापासून नवरी सासरी निघेपर्यंत प्रत्येक विधीला धवला गाणारी बाई. भटजीला उशीर झाला तरी लोक चहा पीत थांबत, गुणाबाईंना उशीर झाला की त्यांना आणायला गाडी निघे. गाव विमानतळात गेलं आणि बदल्यात मिळालेल्या करंजाड्याच्या प्लॉटवर नवं घर उभं राहिलं, तेव्हा सुनीताने ठरवलं की आईचं जेवढं पाठ आहे तेवढं फोनमध्ये घ्यायचं. ओट्यावर डब्याला टेकवून फोन उभा करायचा. समोर पाटावर गुणाबाई. सुकट निवडता निवडता ती गायची, मध्येच मांजराला हाकलायची, आणि सोडलं होतं बरोबर त्याच शब्दापासून पुन्हा उचलायची.

व्हिडिओ वाढत गेले आणि फोन रोज जागा संपल्याची रड लावू लागला. त्यावर तोडगा काढला प्रितेशने. प्रितेश हा सुनीताचा धाकटा चुलत भाऊ, स्टुडिओचा मालक. लग्नांचं शूटिंग करायचा आणि गाण्यांचं एक चॅनलही चालवायचा.

"ताई, दे इकडं. माझ्या कॉम्प्युटरवर ठेवतो. फोन कसा मोकळा होईल बघ."

फोन खरंच मोकळा झाला. प्रितेशने व्हिडिओ कॉपी केले नव्हते, कट केले होते. म्हणजे फोनमध्ये काही उरलं नाही, जे होतं ते त्याच्याकडे. सुनीताला तेव्हा त्यात वावगं वाटलं नाही. घरचाच मुलगा.

मग गणपती झाले आणि आठ दिवसांच्या तापात गुणाबाई गेली. दिवस झाल्यावर सुनीताने व्हिडिओ मागितले. प्रितेश म्हणाला, देतो. मग म्हणाला, सीझन संपू दे. मग फोन उचलेनासा झाला.

पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात सुनीता उरणजवळच्या करंज्याला एका मैत्रिणीच्या मुलाच्या हळदीला गेली. बंदराजवळ मांडव, बाहेर डीजेची गाडी. जेवणं आटपली आणि स्पीकरमधून अचानक तिच्या आईचा आवाज आला. खाली ढोलाचा दणका, वर शिट्ट्यांचा आवाज चिकटवलेला, आणि मध्ये आई. पोरं बाटल्या डोक्यावर ठेवून नाचत होती. धवल्यात घरातल्या गेलेल्या माणसांची नावं घेऊन त्यांना लग्नाचं आवतण देतात. नेमकी ती नावं कापलेली होती. ठेक्यात बसत नव्हती म्हणून.

"कोणाचं गं हे?" तिने शेजारच्या मुलीला विचारलं.

"तुमाला म्हाईत नाय? प्रितेशदादाचं. लय चाललंय."

सुनीताने तिथेच चॅनल उघडलं. खाली लिहिलं होतं, पारंपरिक धवला, डीजे मिक्स. निर्मिती, प्रितेश. गायिका, अज्ञात.

ती जेवली, आहेर दिला, नवऱ्या मुलाला ओवाळलं आणि घरी आली. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत तिने ऑफिसच्या जिन्यातून फोन लावला. नवीन नंबरवरून लावल्यामुळे तो उचलला गेला.

"अज्ञात कोण रे?"

"कोण? ताई का? अगं, ते असंच टाकायची पद्धत असते. जुनं गाणं, लोकगीत."

"तुझ्या आईबापाच्या लग्नात हळदीला कोण गायलं?"

"मोठीआय. तुझी आई."

"तुझ्या बारशाला?"

"ताई, तू उगाच…"

"नाव घे ना. येतं ना तोंडात? मग लिहायला हाताला काय झालं?"

तो हसला. "त्या गाण्याला विचारतंय कोण? मी ठेका टाकला म्हणून चाललं. तुझ्या फोनात होतं तेव्हा किती लोकांनी ऐकलं, तू आणि मांजर?"

सुनीताने फोन ठेवला. तिला राग आला होता असं म्हणणं अपुरं होईल. तिला काम मिळालं होतं. कंटेनर यार्डाच्या ऑफिसात ती कागदपत्रं बघायची. एक सही चुकली तर माल बंदरात अडकून राहतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. कोणाचं काय कुठे अडकवता येतं, हे तिने शांतपणे शोधलं.

आईच्या गाण्याचा एक छोटा तुकडा तिने पूर्वी मावशीला पाठवला होता, तो मावशीच्या फोनात सापडला. तोच पुरावा जोडून तिने चॅनल ज्या साइटवर होतं त्या कंपनीकडे तक्रार केली. एक गाणं उतरलं. तिने आठवडा जाऊ दिला, प्रितेशला वाटू दिलं की संपलं, आणि ऐन लग्नसराईत दुसरी तक्रार केली. दुसरं उतरलं. तिसऱ्या तक्रारीला अख्खं चॅनल बंद पडतं, असा नियम; ती तिने राखून ठेवली. लग्नाच्या निम्म्या ऑर्डरी त्याला चॅनल बघूनच येत.

आता तो फोन करू लागला. सुनीता उचलेना. मग त्याची आई, कमळाबाई, रिक्षा करून करंजाड्याला आली. पायरीवरच बसली, आत येईना.

"सुनीते, पोरगा जेवत नाय गं."

"काकी, आत ये. चहा ठेवते."

"चहा नको. भावाच्या पोटावर पाय देतेस? गुणाबाय असती तर दिला असता तुला एक रट्टा."

"कोण गुणाबाय?" सुनीता म्हणाली. "मला तर अज्ञात म्हणून सांगितलंय."

कमळाबाईने पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "काय करू म्हणजे थांबशील?"

सुनीताने अटी सांगितल्या. आईच्या आवाजाचं जे जे चॅनलवर आहे ते त्याने स्वतःच्या हाताने काढायचं. कॉम्प्युटरवर बनवलेली मिक्स गाणी तिच्यासमोर उडवायची. आणि मूळ व्हिडिओ तिच्या फोनमध्ये टाकायचे, तेही कट करून. त्याच्याकडे एक अक्षर राहता कामा नये.

"म्हनजे तुजं तुला भेटलं की झालं ना?"

"नाही काकी. माझं मला मिळायला हवं आणि त्याच्याकडे काही उरायला नको. दोन्ही."

रविवारी सकाळी तिने फोनची तयारी केली. तो पुन्हा काठोकाठ भरला होता. पनवेल स्टेशनबाहेरच्या हातगाडीवरून तिने मोठ्यात मोठं मेमरी कार्ड घेतलं, फोनमधले सगळे फोटो त्यात हलवले. कार्डात अजून ढीगभर जागा शिल्लक दिसत होती.

स्टुडिओत प्रितेश एकटाच होता. दाढी वाढलेली. त्याने चॅनलवरची गाणी उतरवली, मिक्स केलेली फाइल अन् फाइल उडवली, कचऱ्याचा डबासुद्धा रिकामा करून दाखवला. सुनीता खुर्ची ओढून त्याच्या खांद्याशी बसली होती आणि प्रत्येक ड्राइव्ह उघडायला लावत होती.

"तो काळा डबा कसला?"

"हार्ड डिस्क. पाटलांचं लग्न आहे त्यात."

"उघड."

त्यात पाटलांचं लग्नच होतं.

मग केबल लावली. मूळ व्हिडिओंचा फोल्डर उघडला. छोट्या छोट्या चौकोनांत सगळीकडे आई, तोच पाट, तोच ओटा. सुनीताने क्षणभर नजर बाजूला घेतली.

"ताई, ऐक," प्रितेश म्हणाला. "आधी कॉपी करू. तू उघडून बघ, सगळं चालतंय का. मग मी तुझ्यासमोर उडवतो."

"आणि मी बघत बसेन तोवर तू दुसरीकडे टाकशील."

"तुझ्यासमोर कसं टाकेन?"

"माझ्यासमोरच फोन मोकळा करून दिला होतास. कट कर."

"कट धोक्याचं असतं. मध्ये काही झालं तर…"

"माझ्या फोनातून घेताना नव्हतं धोक्याचं?"

त्याने हात वर केले आणि माउस तिच्याकडे सरकवला. "घे, तूच कर. उद्या माझ्या नावाने ओरडू नकोस."

सुनीताने स्वतः सगळं निवडलं, कट केलं, फोनच्या कार्डात पेस्ट केलं. हिरवी पट्टी हळूहळू भरत गेली. इकडच्या फोल्डरमधून आई एकेक चौकोन नाहीशी होत होती आणि प्रितेश ते बघत होता. तो बघतो आहे हे सुनीता बघत होती. पंधरा महिन्यांत तिला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

पट्टी भरली. तिने पहिला व्हिडिओ लावून पाहिला. आई गात होती. तिने केबल काढली, फोन पर्समध्ये टाकला आणि दारातून म्हणाली, "आता लिही काय लिहायचं ते. अज्ञात."

संध्याकाळी घरी तिने दुसरा व्हिडिओ लावला. फाइल उघडत नव्हती. तिसरा लावला. नाव होतं, आकार होता, तारीख होती. उघडत नव्हता. शेवटपर्यंत तेच.

सोमवारी ती कार्ड घेऊन विश्वजीतकडे गेली. टपाल नाक्याजवळ त्याचं गेलेला डेटा काढून देण्याचं दुकान आहे. त्याने कार्ड मशीनला लावून तपासलं. कार्ड नकली होतं. वर लिहिलं होतं त्याच्या आठव्या हिश्शाचीही जागा आत नव्हती. ती भरली की असं कार्ड पुढचं सगळं घेतल्याचं नाटक करतं आणि टाकून देतं. सुनीताच्या फोटोंनीच ते जवळजवळ भरलं होतं. आईचा एक व्हिडिओ तेवढा मावला.

"यातून काही निघणार नाही, मॅडम. ज्या कॉम्प्युटरवरून हलवलं, त्यावर शोधावं लागेल. जुनी डिस्क असेल तर खुणा राहतात. फक्त तो कॉम्प्युटर चालू करू नका. त्यावर नवीन काही साठवलं की जुनं त्याखाली जातं. कोणाचा आहे?"

सुनीताने त्याला स्टुडिओचा पत्ता दिला, दुसऱ्या दिवशी तिथे जायला सांगितलं. दुकानाबाहेर येऊन तिने प्रितेशला फोन लावला. त्याने पहिल्याच रिंगला उचलला.

"प्रितेश, तुझा कॉम्प्युटर बंद आहे का?"

"का गं ताई?"

तिने सांगितलं. सगळं, कार्डासकट.

"म्हणजे मी कॉम्प्युटर बंद ठेवायचा," तो म्हणाला. "ऐन सीझनमध्ये. किती दिवस?"

"उद्या विश्वजीत डिस्क घ्यायला येईल. तोपर्यंत."

"पाटलांचं लग्न द्यायचंय मला."

"प्रितेश, आईचं आहे ते."

"कोणाच्या आईचं?" तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "बघतो मी." आणि फोन ठेवला.

मंगळवारी विश्वजीत उरण नाक्यावर गेला तेव्हा स्टुडिओला कुलूप होतं. फोनवर कमळाबाई म्हणाली, पोरगा शूटिंगला आपट्याला गेलाय, कधी येईल ठाऊक नाय. सुनीताने तिसरी तक्रार लिहून तयार ठेवली आहे, पण पाठवलेली नाही. चॅनलवर आता गुणाबाईंचं एकही गाणं नसल्यामुळे तक्रार कशाची करायची, हेही तिला उमगत नाही.

बुधवारी सकाळी साडेनऊला प्रितेशच्या चॅनलवर पाटलांच्या लग्नाचा व्हिडिओ आला. तो कोणत्या कॉम्प्युटरवर तयार केला, हे अजून कळलेलं नाही.